बॉयलरला घातलेला हार

जबाब. दि. २२/०३/२०२५, वेळ दुपारी १.२० वाजता, मुक्काम अमळनेर.

नाव प्रेमराज धनसिंग पाटील, वय २३ वर्षे, शिक्षण सातवीतून सोडलेले, धंदा मजुरी, राहणार नांदखेडे, ता. अमळनेर, जि. जळगाव, हल्ली मुक्काम उधना, सुरत.

मला फोनवर बोलावल्यावरून मी आज स्वतः हजर झालो असून, विचारले त्याप्रमाणे सांगतो ते असे की,

मी उधना येथे चौघांबरोबर एका खोलीत राहतो. सुरत येथे कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर दोन वर्षांपासून हेल्पर आहे. त्याआधी चाकण, वापी, सिल्व्हासा व नाशिक येथे कामे केली. पोरगा एका जागी टिकत नाही असे घरचे म्हणतात, ते खरे आहे. बॉयलरवर माझे काम कोळसा टाकणे व राख काढणे एवढेच आहे. पाळी बारा तासांची असते. वॉल म्हणजे वाफेची झडप, कॉक म्हणजे तोटी व प्रेशरचे घड्याळ ही ऑपरेटरची कामे आहेत. कामाला लागल्यावर पहिल्या महिन्यात मी स्वतःहून एक कॉक फिरवला होता. तेव्हा ऑपरेटरने फावड्याचा दांडा माझ्या पाठीत घातला व "हेल्पर है, हेल्पर रह" असे म्हणाला. कॉक मी बरोबर फिरवला होता. तेव्हापासून मी हात लावत नाही.

दि. ०८/०३/२०२५ रोजी मी सुट्टी घेऊन चोपडा येथे मुलगी पाहण्यासाठी आई व मामांबरोबर गेलो होतो. मुलीच्या काकांनी, बॉयलरवर म्हणजे ऑपरेटर का हेल्पर, असे विचारले. मी हेल्पर म्हणून सांगितले. पोहे झाले व आम्ही निघालो. दुसऱ्या दिवशी, रविवार दि. ०९/०३/२०२५ रोजी दुपारी १.३० च्या सुमारास मी सुरतच्या गाडीसाठी अमळनेर स्टेशनवर आलो. गाडी उशिरा असल्याचे समजले. ऊन फार होते. स्टेशनजवळच्या सभागृहावर, चालत्या यंत्रांच्या लहान प्रतिकृतींचे प्रदर्शन, प्रवेश मोफत, असा बोर्ड होता. आत पंखे दिसले म्हणून मी आत गेलो. यंत्रे पाहायची म्हणून गेलो नाही.

आत पंधरा-वीस टेबले मांडली होती. कापसाची सरकी काढणारे हातभर यंत्र होते, ते खरोखर चालत होते व टेबलावर कापूस उडत होता. लाकडाची लाल एसटी होती, तिचे दार उघडत होते, पण आत कंडक्टर बसवलेला नव्हता. रेल्वेचे इंजिन रुळावर गोल फिरत होते. ते कुठे जात नव्हते म्हणून तेवढे एक वेळेवर होते, असे मी शेजारच्या इसमास बोललो व तो हसला. मला विचारले म्हणून सांगतो की प्रदर्शन चांगले होते. मी एवढा वेळ कधी कोणते यंत्र नुसते उभे राहून पाहिले नव्हते. कामावर यंत्र पाहत बसले की शिवी मिळते.

शेवटच्या टेबलावर पुना आबा बसले होते. त्यांना मी त्याआधी ओळखत नव्हतो. वय सत्तरच्या पुढे. पूर्वी इथल्या तेलाच्या मिलमध्ये ते बॉयलर चालवत असत व मिल बंद झाल्यावर घरी आठ वर्षे खपून त्यांनी हे यंत्र केले, असे त्यांनी मला सांगितले. तांब्याचा बॉयलर साधारण दोन फूट लांब, खाली कोळशाची शेगडी, वर चिमणी. त्यावर एक इंजिन चालत होते व इंजिनावर लहान घाणी. घाणीत शेंगदाणे टाकले की थेंब थेंब तेल खाली वाटीत पडत होते. जास्तीची वाफ सुटण्यासाठी वर वॉल होता. वॉलला लिव्हर व लिव्हरच्या टोकाला वाण्याच्या तराजूतले पितळी पन्नास ग्रॅमचे वजन, त्या वजनाने वॉल दबून राहतो व वाफ जास्त झाली की उचलला जातो. प्रेशरच्या घड्याळावर लाल खूण होती. ती सुनेच्या नखपॉलिशने केली असे आबा हसून म्हणाले.

आबांनी मला "कथाना तू?" असे विचारले. मी गाव सांगितले. "काय करस?" म्हणाले. सुरतला बॉयलरवर, असे मी सांगितले. ऑपरेटर का हेल्पर ते त्यांनी विचारले नाही. "मंग तू मना घरनाच व्हयना," म्हणजे माझ्या घरचाच झालास, असे म्हणून त्यांनी मला स्टूल दिले. वॉलमधून बारीक फुसफुस येत होती. तिकडे कान करून ते म्हणाले, "आइक. वॉल बोलस ना, मंग घोर नही. गुपचूप व्हयना की पय." म्हणजे वॉल बोलतो तोवर काळजी नाही, गप्प झाला की पळायचे. हे कारखान्यातही असेच म्हणतात. मी त्या स्टुलावर तासभर बसलो. दोन वेळा आबांनी मला शेगडीत कोळसा टाकायला सांगितले व एक वेळ इंजिनाचा कॉक फिरवायला दिला.

३.२० च्या सुमारास उद्घाटनाचे पाहुणे आले. आबांनी त्यांना दाखवण्यासाठी ताजा कोळसा टाकला व यंत्र जोरात चालवले. पाहुण्यांनी वाटीतले तेल बोटाला लावून पाहिले. नंतर स्वतःच्या गळ्यातला झेंडूचा हार काढून बॉयलरच्या चिमणीला घातला व हात जोडले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. आबांनीही हात जोडले. आपल्याकडे दसऱ्याला यंत्राला हार घालतातच, त्यामुळे त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. मलाही वाटले नाही. हार पाण्यात भिजवलेला असून चांगला जड होता. त्या वेळी तो फक्त चिमणीवर होता.

त्यानंतर प्रदर्शनाचे सेक्रेटरी योगराज सर आले व म्हणाले, "आबा, ती टकटक बंद करा हो दहा मिनिटं, माईकवर येतेय." आबा म्हणाले, "आग ताजी शे सर, मी आठेच थांबस." सर म्हणाले, "अहो सत्कार तुमचा, अन् तुम्ही इथं थांबून कसं चालेल?" त्यांनी आबांचा हात धरला. आबांनी इंजिनाचा कॉक बंद केला, म्हणजे वाफेला वॉलचीच वाट राहिली, म्हणून वॉल बोलतो का ते कान लावून ऐकले व मगच स्टेजकडे गेले. हे मी स्वतः पाहिले आहे. वॉल त्या वेळी बोलत होता. त्यांनी मला यंत्र पाहायला सांगितले नव्हते. पाहू नको असेही सांगितले नव्हते.

आबा गेल्यावर चिमणीच्या गरमीने हाराची फुले काळी पडू लागली व वास सुटला. तेथे बिल्ला लावलेली एक स्वयंसेविका होती, तिचे नाव हेमांगी असल्याचे आज येथे समजले. पाहुण्यांचा हार जळू नये म्हणून तिने तो चिमणीवरून काढून शेजारच्या लिव्हरला अडकवला. तिला तो हार अडकवायला खुंटीच वाटली असणार. वॉल काय असतो हे तिला कोणी सांगितले नव्हते. तिने चांगल्या मनाने केले असे माझे म्हणणे आहे.

हाराचे वजन लिव्हरवर येताच वॉल दबला व गप्प झाला. थोड्या वेळाने घड्याळाचा काटा नखपॉलिशच्या पुढे गेला. मी हात पुढे केला. तेव्हा ती म्हणाली, "दादा, हात नका लावू. बोर्ड वाचता येतो ना?" यंत्रांस हात लावू नये असा बोर्ड टेबलावर होता. मी म्हणालो, "येतो ताई. म्हणून तर तुम्हाला सांगतो. हार काढा तेवढा." ती म्हणाली, "पाहुण्यांचा हार आहे, सर मला बोलतील. काही सांगायचं असेल तर वहीत लिहा, सर स्वतः वाचतात वही." मी अभिप्रायाच्या वहीत लिहिले. वही मला आज दाखवण्यात आली. पान ३४ वरील "मशीन लय भारी. हार काढा. वॉल बोलत नाही" हा मजकूर माझ्या हातचा असून खालचा मोबाइल नंबर माझाच आहे. माझ्या वर "स्तुत्य उपक्रम" व खाली "खूप छान, असेच करत राहा" असे लिहिलेले आहे, ते कोणी लिहिले मला माहीत नाही. सदर वही हेमांगी हिने स्वतःहून पोलिसांना आणून दिली, असेही मला समजले.

वहीत लिहून मी स्टेजच्या बाजूला गेलो. आबा खांद्यावर शाल घेऊन पहिल्या खुर्चीवर बसले होते. भाषण चालू होते. आबांनी माझ्याकडे पाहिले, तेव्हा मी कानाला हात लावून नाही अशी खूण केली. बॉयलरवर आवाजात बोलणे ऐकू येत नाही म्हणून अशाच खुणा करतात. आबांना समजले. ते लगेच उठले. योगराज सरांनी त्यांना खांद्याला धरून खाली बसवले व माईकवरच म्हणाले, "आबा, दोन मिनिटं! नवरदेवच मांडवातून पळतोय." सर्व लोक हसले. आबा पुन्हा उठले, पुन्हा बसवले. त्या वेळी ४.१५ झाले होते. माझे सांगून झाले असे मला वाटले. मी पिशवी घेऊन स्टेशनवर गेलो.

४.४० च्या सुमारास मी फलाटावर असताना सभागृहाच्या बाजूने मोठा आवाज आला. पाहुण्यांसाठी फटाके वाजवले असतील असे मला वाटले. तेवढ्यात गाडी आली व मी सुरतला निघून गेलो.

कोणाला काय झाले ते मला दि. २० रोजी पोलिसांचा फोन आला तेव्हा समजले. पुना आबांनी वॉलचा लिव्हर हाताने दाबून धरला म्हणून बॉयलर फुटला व त्यात तेच भाजले, असे सेक्रेटरींच्या तक्रारीत लिहिल्याचे व आबांवर गुन्हा लावण्याचे चालल्याचे मला सांगण्यात आले. आबांचा हात लिव्हरवर होता हे चार लोकांनी पाहिले आहे. मी त्या वेळी तेथे नव्हतो. परंतु बॉयलरवर आयुष्य काढलेला माणूस वॉल दाबून धरत नाही. त्यांचा हात तेथे हार काढायला गेला असणार. हार पंचनाम्यात मिळाला नाही असे सांगतात. मला छताच्या पंख्याचा फोटो दाखवला, त्यात पात्याला चिकटलेल्या झेंडूच्या पाकळ्या आहेत. त्या त्याच हाराच्या असाव्यात. यंत्राला दुसरा हार कोणी घातला नव्हता.

मी येताना बसने सुरतहून नवापूर, साक्री मार्गे धुळ्याला उतरलो व तेथील दवाखान्यात आबांना भेटून मग इकडे आलो. जबाबाच्या आधी का भेटलास, कोणी शिकवले का, असे मला विचारण्यात आले. कोणी शिकवले नाही. बस धुळ्यावरूनच येते. आबांच्या उजव्या हाताला कोपरापर्यंत पट्टी आहे व एक डोळा बांधलेला आहे. जवळ त्यांची सून कामिनीताई होत्या. त्या म्हणाल्या, "तुम्ही तरी सांगा यांना. पोलीस विचारतात तर एकच बोलतात." आबा म्हणाले, "चूक मनीच शे. बॉयलर पेटेल व्हता नि मी शाल पांघरीसन बठनू." मी हाराचे सांगितले. ते म्हणाले, "हार राहू दे. बॉयलर सोडाना नही म्हंजे नही." नंतर मला विचारले, "तू आठे उना, तठे कोण शे?" मी म्हणालो, सुरतला माझ्या जागी दुसरा आहे. "त्याले येस का?" म्हणाले. येते, असे मी सांगितले. मग ते भिंतीकडे वळून झोपले.

आबांचे स्वतःचे म्हणणे काहीही असो, ते आपणहून बॉयलर सोडून गेले नाहीत, त्यांना हात धरून नेले व दोन वेळा उठले असता बसवले, एवढे मी पाहिले आहे व कोर्टातही सांगेन. गाडीभाड्याची किंवा खाड्याची माझी काही मागणी नाही.

येथपर्यंतचे हवालदार सुकदेव साहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवले. ते ऐकल्यावर फटाक्यांचा जो मजकूर वर आला आहे तो बदलून घ्यावा असे मी सांगितले. त्यावर साहेब म्हणाले, "आहे ते राहू दे ना भाऊ. असं लिहिलं तर उद्या वकील तुलाच धारेवर धरेल." मी म्हणालो, लिहा. माझे एक वाक्य खोटे निघाले तर हाराचेही कोणी खरे मानणार नाही.

तरी दुरुस्ती अशी की, आवाज आला तेव्हा फटाके असतील असे मला वाटले नाही. बॉयलर फुटला हे मला आवाजावरूनच कळले होते. गाडी तेव्हा आली नव्हती. ती ५.१० वाजता आली. सभागृह फलाटावरून दिसते, चालत पाच मिनिटांचे आहे. लोक तिकडे पळत होते. मी अर्धा तास बाकावर बसून होतो.

दुरुस्तीसह सर्व मजकूर मला दुसऱ्यांदा वाचून दाखवला. मी बोललो तसाच तो उतरला आहे. आता तो खरा आहे.

समक्ष सही,
प्रेमराज धनसिंग पाटील