लॅपटॉपचा दसरा

हॅलो?… हां, निशा, बोल. तुलाही दसऱ्याच्या शुभेच्छा. पटकन बोल हं, हात पिठाचे आहेत, मोबाइल खांद्यात धरलाय…

काय?… कमळाताई नको म्हणतायत? सोयरीकच नको?… हळू बोल गं, मृणाली आतल्या खोलीत आहे. ऐकू जाईल.

…अगं, पण त्यांच्या प्रितेशला आमची मृणाली पसंत, तिला तो पसंत. मग मोडतंय कुठं?

हो, हो… हसले. रविवारी यांनी हसायला नको होतं, मान्य. पण तू तेव्हा आत चहा गाळत होतीस. ऐक ना, सांगते नीट.

प्रितेश एवढंच म्हणाला की एक दिवस कॉम्प्युटरलाही ‘मी आहे’ हे कळायला लागेल. कुणापुढे? फिजिक्सच्या रिटायर्ड प्राध्यापकापुढे! हे म्हणाले, शक्यच नाही, ते नुसतं गणित. तो म्हणाला, काका, मग आपला मेंदू तरी काय आहे? झालं. जाणीव म्हणजे काय, यावर दोघं असे जुंपले… पुढ्यातले पोहे गार झाले, याची जाणीव एकालाही नाही.

…अगं, येतेय, तिथंच येतेय. तेवढ्यात कमळाताई म्हणाल्या, आमच्या कापडाच्या लूमला होता की जीव. दसऱ्याला कुंकू लावायचं राहिलं तर दिवसभर रुसायचा, धागे तोडायचा. आणि हे हसले.

…मोठ्यानं. नाही, खोकला नव्हता तो. मी होते ना तिथं.

…बरोबर आहे गं त्यांचं. त्या लूमवर घर उभं राहिलं, पोरगा शिकला. त्याला कुणी हसलं तर लागणारच… मग आता?… आज यांनी स्वतः सोनं द्यायला काल्हेरला त्यांच्या घरी यावं? नाहीतर विषय बंद?

अगं, सकाळीच विषय काढला होता मी. म्हणतात, हसल्याबद्दल माफी मागतो, पण मतापासून हटणार नाही, म्हणून येत नाही. वस्तूला जीव नसतो म्हणजे नसतो. जीव असायला आतून काहीतरी वाटावं लागतं म्हणे. मी म्हटलं, तुम्हाला आतून काही वाटतं, हे मला तरी कुठं दिसलंय? इतकी वर्षं मीसुद्धा धरूनच चाललेय.

…हसू नकोस. पोरगी सकाळपासून खोलीबाहेर आली नाहीये. थांब, हॉलमध्ये जाऊन पुन्हा विचारते…

अगं बाई!

…नाही, नाही, पडले नाही. यांनी पूजा मांडलीय. स्कूटरची किल्ली, पकड, माझी विळी… आणि मधोमध लॅपटॉप. हळद-कुंकू वाहिलंय, वर झेंडूचं फूल. अक्षता बटणांच्या फटींत गेल्यात…

थांब, तू बोलू नकोस. अहो, हे काय?… म्हणतात, दरवर्षीची सवय आहे, त्यात काय एवढं? बरं. अहो, मग तेवढं लाइटबिल भरून टाका ना त्यावर…

निशा. ऐकलंस? ‘आज नको. आज त्याला सुट्टी आहे.’ त्याला! हे म्हणाले, हे!

फोटो काढतेय, थांब… गेला का?… मग जा वर त्यांच्या मजल्यावर, दाखव. आत्ताच. फोन चालू ठेव… लिफ्ट बंद असली तर जिन्यानं जा. स्थळ तूच आणलंस ना?

…पोचलीस? दाखवलास?… काय म्हणाल्या?… मोठा करून बघतायत?… बरं, दे, दे त्यांच्याकडे.

हॅलो, कमळाताई? नमस्कार, सुमती बोलतेय… हो, यांनीच. स्वतःच्या हातानं… नाही हो, मी कशाला सांगतेय? माझं ऐकतात थोडंच?

…काय म्हणालात? थांबा, विचारते. अहो, कमळाताई विचारतायत, कुंकू लावलाव, मंग नारल न्हाय फोडला का?…

काय?

ताई, हे म्हणतायत… नारळ त्याच्याजवळ नको. पाणी आत गेलं तर त्याला त्रास होईल.

…हसताय ना? हसा, हसा. मोठ्यानं हसा, यांना इथपर्यंत ऐकू येऊ दे. फिटंफाट झाली. मृणाली, अगं बाहेर ये!… हॅलो?… ताई?…

कट झाला.

अहो, शर्ट बदला. काल्हेरला जायचंय.