तेहतीस इंचांची नळी

— परत पाठवली? एकही न उडवता? ठेव, ठेव तिथं काउंटरवर, आणि बंदूक अशी धरू नको बाबा, तोंड भिंतीकडे कर, रिकामी असली तरी भिंतीकडेच — हां. दार लोटून घे, बाहेर आग पडल्येय नुसती. म्हणजे सकाळी मी वीस काडतुसं भरून पाठवली, आणि वीसच्या वीस परत. काय म्हणाला अर्बाब, मालक आपला? छोटी आहेत म्हणाला ना? मला ठाऊक होतं. पितळेतून शिशाचं नाक किती बाहेर आलंय ते बोट लावून बघितलं असणार त्यानं. समोरच्या इब्रावाल्या पार्टीची गोळी लांब, मग ह्याचीही लांबच पाहिजे, शुक्रवारच्या नेमबाजीत सहाशे मीटरवरचा निशाणाचा पत्रा पाडायचाय — छोटी गोळी तिथवर धड पोचत नाही, तेही खरं आहे. तू नवा आहेस प्रशांत, चार महिने झाले तुला त्याची गाडी चालवायला लागून, तुला वाटत असेल हा यूनुसचाचा अर्बाबशी खेळ करतोय. कसला खेळ? हे दुकान त्याच्या नावावर, बंदुकांचं लायसन त्याच्या नावावर, माझा व्हिसा त्याच्या नावावर. सीबच्या ह्या सूकात, ह्या अरबी बाजारात, सव्वीस वर्षं झाली मला, एकदासुद्धा त्याला नाही म्हटलेलं नाही.

फोन वाजतोय तुझा. त्याचाच ना? राहू दे. नंतर सांग, चाचा नमाजला गेले होते — नको, तसं नको सांगू. नुसता वाजू दे. लेबन घेतोस, ताक? फ्रीजमध्ये आहे. नको? बरं.

तू गुहागरचा, म्हणजे भोवरा फिरवला असशील. जाळी चार वेढे कमी गुंडाळलीस तर काय होतं? भोवरा फिरतो, पण जरा वेळानं डुगडुगतो, आडवा पडतो. गोळीचं तेच. नळीच्या आत मळसूत्री खाचा असतात, त्यांचा पीळ गोळीला फिरवतो, आणि फिरते म्हणून ती सरळ जाते. जितकी लांब गोळी तितकी जास्त फिरायला पाहिजे — म्हणजे पीळ घट्ट पाहिजे. सैल पिळाच्या नळीतून लांब गोळी मारलीस तर शंभर मीटर गुमान जाईल, पुढे डुगडुगायला लागेल, आणि मग कुठं जाईल ते तिलाच ठाऊक. म्हणून आधी पीळ मापायचा, मग गोळी निवडायची. दारू किती, पितळ कुठलं, ते सगळं मागाहून. हे माझ्या बापानं दाभोळला शिकवलं मला, ठासणीच्या बंदुका दुरुस्त करायचा तो.

इकडे ये, दाखवतो. खटका उघडलाय, बघ, आत काही नाही. ह्या गजाच्या टोकाला घट्ट फडकं, मुठीत बेअरिंग, म्हणजे गज मोकळा फिरतो. हा लाल दोरा बांधलाय तो आत्ता वर आहे. ढकल. सावकाश — दोऱ्याकडे बघ. वळतोय ना? विलायती मार्टिनी बंदूक असेल तर बावीस इंच आत गेल्यावर दोरा एक फेरा पुरा करून परत वर यायला पाहिजे. बावीसची खूण ही. आलास खुणेवर? कुठं आहे दोरा? — खाली. अर्ध्यापेक्षा जरा जास्त. अजून ढकल. अख्खी नळी तेहतीस इंचांची, संपली ती, आणि दोरा? अजून वर आला नाही. तेहतीस इंचांत एक फेरा पुरा होत नाही हिचा. कारण ही विलायती नाहीच. पेशावरकडच्या कुणा लोहारानं हातानं केलेली आहे ही, वर शिक्का तेवढा राणीचा ठोकलाय. चष्मा देऊ? शिक्क्यातलं हे अक्षर बघ, उलटं आहे. त्याला वाचता येत नव्हतं बापड्याला, बघून कोरलंय.

आता हे अर्बाबला कोण सांगणार? त्याच्या आजोबाची बंदूक. मजलिसमध्ये भिंतीवर असते, पाहुणा आला की कहव्याबरोबर हिची गोष्ट — इंग्रज साहेबानं आजोबाला आपल्या हातानं दिली. सांगू त्याला, तुझा आजोबा फसला म्हणून? किंवा आजोबानं थाप मारली म्हणून? म्हणून मी सकाळी छोटी भरून पाठवली, म्हटलं चालून जाईल. नाही चालली. आणि हे बघ, हा दुसरा डबा — लांब गोळ्यांची वीस. कालच भरून ठेवलीयत. मला माहीत होतं तो परत पाठवणार, आणि परत पाठवली की मी ही देणार. गेल्या वर्षी दिली तशी.

हो, गेल्या वर्षी हीच बंदूक. हुसैनमियाँचं ऐकलं असशील. माझा मेहुणा, बायकोचा, रईसाचा सख्खा भाऊ — पत्र्याच्या बाजूच्या खड्ड्यात बसायचा, दगडांच्या आडोशाला, गोळी लागली की पांढरा झेंडा, हुकली की लाल. दगडावर गोळी आदळली, कपच्या उडाल्या, डावा डोळा गेला. सगळे म्हणाले वारा होता. अर्बाब म्हणाला, मी म्हणालो. मला तेव्हा कुठं माहीत होतं पीळ सैल आहे ते, मी नळी मापली ती नंतर, म्हणजे तो इस्पितळात असताना — तसा थोडा अंदाज होता, पण —

ते जाऊ दे. शुक्रवारी झेंडा कोण धरणार? वर्षभर कुणी तयार नव्हतं. बलुची येतोय का सोहारचा?

कोण? तू?

कधी सांगितलं तुला? आज सकाळीच — आणि तू हो म्हणालास. म्हणणारच. नवा माणूस, अर्बाबनं खांद्यावर हात ठेवून सांगितलं असेल. हुसैनमियाँच्याही खांद्यावर ठेवला होता. बस. बस त्या स्टुलावर, उभा राहू नकोस माझ्यासमोर.

मी आधी मापली होती. ऐकतोयस? आधी. आदल्या दिवशी, ह्याच टेबलावर, ह्याच दोऱ्यानं. दोरा वर आला नाही ते ह्या डोळ्यांनी बघितलं, गज पुसून ठेवला आणि लांब गोळ्या भरल्या. हुसैनमियाँ खड्ड्यात बसणार हे ठाऊक असून भरल्या. मनात म्हटलं, हुकतील, दुसरं काय होणार, खड्डा पत्र्यापासून चांगला दहा हात लांब आहे. हे बघ. ह्या पोत्याखाली काय आहे ते बघ — त्या दिवसाचा पत्रा. सगळे त्याला घेऊन गाडीकडे धावले तेव्हा मी हा काढून गाडीच्या सीटखाली घातला. हे एक भोक गोल आहे, ती इब्रावाल्यांची. आणि हे? लांबट, खारकेच्या बीसारखं. आडवी लागलेली गोळी आहे ही, आमची. वारा गोळी ढकलतो रे, आडवी पाडत नाही. कुणीही जाणता माणूस हे भोक बघून सांगेल, म्हणून लपवला मी.

रईसा दर शुक्रवारी दाभोळला भावाला फोन लावते. मग मला देते. तो काय म्हणतो ठाऊक आहे? यूनुस, तू गाडी एवढी पळवलीस म्हणून दुसरा डोळा वाचला. दर शुक्रवारी म्हणतो. मी म्हणतो, अल्लाची मेहेर. मला लाज वाटते प्रशांत, जेवताना वाटते, रईसा भात वाढते तेव्हा वाटते. आणि इतकी लाज वाटूनही काल मी ही वीस भरलीच. खड्ड्यात कोण बसणार हे विचारलं नाही मुद्दाम. विचारलं की भरता आली नसती.

आणि तू निघाला असतास डबा घेऊन. आत्ता, पाच मिनिटांपूर्वी. मी दिला असता.

असा बघू नको माझ्याकडे. शिवी दे हवी तर.



पुन्हा वाजतोय. दे इकडे — दे म्हणतो ना. तो डबा राहू दे, त्याला हात लावू नको, दारू काढून टाकणार आहे मी त्यातली. पत्रा घे, अर्बाबला दाखवायचाय. गाडीत ठेव पुढच्या सीटवर, सीटखाली नको. व्हिसाचं काय व्हायचं ते होईल, परत गेलो तर दाभोळला हुसैनमियाँच्या पडवीत जाऊन बसायचंय मला, त्याच्या उजव्या बाजूला, त्याला दिसेन असा.

अस्सलाम अलैकुम अर्बाब. हां, यूनुसच. प्रशांत इथंच आहे. नाही, काडतुसं नाहीत. देणार नाही. अर्बाब, त्या दिवशी वारा नव्हता.

जा रे तू. दार ओढून घे.