सहा बाइट जास्त

हेलसिंकीच्या त्या हॉलमध्ये स्पर्धेच्या प्रवेशिका द्यायला रांग लागली होती. चित्र, संगीत, सगळं मिळून प्रोग्राम चार हजार शहाण्णव बाइटमध्ये बसवायचा. एक जरी जास्त झाला तरी बाद. माझ्यापुढे एक मुलगी हातावर लॅपटॉप तोलून उभी होती, शेजारी तिचा जोडीदार.

"सहा बाइट जास्त आहेत, इल्मारी. दहा मिनिटं उरलीत."

"संगीतातलं काहीतरी काढ."

"संगीताला हात लावायचा नाही! शेवटी नावं येतात ना, त्यातलं एखादं उडवते."

"माझं उडव. रोमन लिपीत सहा अक्षरं, म्हणजे सहा बाइट सुटतात."

"वेडा आहेस का? अर्धं तू लिहिलंयस."

"म्हणूनच. माझ्या नोकरीच्या करारात आहे, घरी बसून लिहिलेलंही कंपनीचंच."

"हे तुला कधी कळलं?"

"सही करताना. मार्चमध्ये."

"आणि हे आपण एप्रिलमध्ये सुरू केलं."

"आधी सांगितलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस, केर्त्तू."

तिनं सहा वेळा एकच बटण दाबलं.

"पुढचे या! किती जणांनी केलंय?" टेबलामागच्या बाईंनी विचारलं.

"मी एकटीनं."

"आणि हे?"

"मी? मी नुसता सोबत आलोय."