सरासरीतून वगळलेले

नवऱ्याचं फुंकायचं यंत्र परत करायला ती इस्पितळात आली होती. नव्या औषधाच्या चाचणीत ते रोज त्यात फुंकून श्वासाचा जोर मोजायचे. त्यांना जाऊन महिना झाला होता. लिफ्टच्या रांगेत तिच्यापुढे दोन डॉक्टर उभे होते, एक वयस्क बाई आणि एक तरुण.

“मॅडम, श्वासाची सरासरी चांगलीच वाढलीय.”

“औषधानं?”

“तसंच लिहू ना?”

“आधी सांग, सुरुवातीला होते तेवढे सगळे पेशंट धरलेस?”

“नाही. मधेच सोडून गेलेले वगळले.”

“का सोडून गेले?”

“काही कंटाळले. बरेचसे... वारले.”

“म्हणजे ज्यांचा श्वास सगळ्यात कमी, तेच गेले. सरासरी वाढणारच की!”

“पण त्यांना धरलं तर वाढ दिसतच नाही, मॅडम.”

“मग ती नाहीच.”

“औषध कंपनीची माणसं परवा येतायत.”

मॅडमनी लिफ्टचं बटण पुन्हा दाबलं.

“बरं. ‘सोडून गेलेले वगळले’ अशी खाली बारीक अक्षरात एक टीप टाक.”

“अहो डॉक्टर,” ती मागून म्हणाली, “आमचे हे सोडून नव्हते गेले. शेवटच्या सकाळीसुद्धा उशीला टेकून फुंकलं त्यांनी.”

दोघांनी वळून पाहिलं. मॅडमनी लगेच नजर खाली वळवली. तरुण डॉक्टरनं तिच्या हातातलं यंत्र ओळखलं.

“हे तिसऱ्या मजल्यावर जमा करा, मावशी,” तो हळू आवाजात म्हणाला. “आणि तोंडाकडून नीट पुसून द्या हं. दुसऱ्या पेशंटला द्यायचंय.”