खडवलीच्या पुढचा चढ

—छे, दमलो कुठे? दमलो असतो तर इतकं बोललो असतो का? बस, त्या टोकाला नको, बाकडं उलटतं. आवडाबाई, दोन चहा, एकात साखर नको—म्हणजे घाला थोडी. तर विनीत—विनीतच ना?—आज पहिलाच दिवस तुझा आमच्या ग्रुपमध्ये म्हणून सांगतो, मागे पडलास याचं वाईट वाटून घेऊ नकोस. सगळे पडतात. मी पडलो नाही, मी थांबलोय. फरक आहे. कुणालाही मागे सोडायचं नाही हा आमचा नियमच आहे—डोंबिवलीहून निघताना आपला कॅप्टन हर्षित बोलला ना? दर रविवारी बोलतो. मग कल्याण सुटेपर्यंत मागे वळून बघतो, टिटवाळ्यानंतर तेही बंद. एकदा माझं पंक्चर काढून होईपर्यंत इकडे ग्रुपवर फोटोसुद्धा आलेला सगळ्यांचा—खाली काय लिहिलेलं? टीमवर्क!

युक्ती एकच आहे. पुढच्याच्या चाकाला चिकटून राहायचं. वारा तो खातो, आपण त्याच्या आडोशाला. मांड्या पेटू देत, नाक गळू दे, ते चाक सोडायचं नाही. जरा अंतर पडलं की संपलं—वारा तुझा, खड्डे तुझे, ग्रुप त्यांचा. आता विचार मला, मी आज कुणाचं चाक धरलेलं? ती जांभळ्या जर्सीतली बघितलीस ना, सगळ्यांना ओढत होती ती? हां, तीच—काय चालवते ना? माझी बायको आहे. उत्तरा. हसतोस काय? मीच आणलं तिला! म्हटलं, रविवारी घरात बसून काय करतेस, चल माझ्या मागे मागे. माझी सायकल कार्बनची, तिला भाच्याची जुनी दिली. सुरुवातीला मी थांबायचो तिच्यासाठी, गिअर कधी बदलायचा ते सांगायचो—जरा मोठ्यानेच सांगायचो, बाकीच्यांनाही कळावं म्हणून. मग एका रविवारी तीच थांबली आणि मला म्हणाली, "पाणी हवंय?" तिथून बिघडलं सगळं. हर्षित मला काका म्हणतो आणि तिला उत्तरा! अरे, ती आणि मी एका वर्गात होतो! वर म्हणतो, काका, तुम्ही हळूवाल्या ग्रुपला या, तिथे मजा असते. मी मजेसाठी करतो का हे?

आणि आजचा हा खालचा चढ. तू मागे होतास, तुला दिसलं नसेल. —दिसलं? मग कशाला सांगू. नाही, सांगतोच, तुला अर्धंच दिसलं असेल. माझं चाक सुटायला लागलेलं, तर ही मुद्दाम मागे आली, एका हाताने हँडल धरलं आणि दुसरा हात माझ्या पाठीला लावला. ढकलायला! हर्षितच्या देखत! काय हलकी झाली रे सायकल—म्हणजे, प्रश्न तो नाही. मी ओरडलो, "हात काढ!" ती म्हणाली, "अहो, एवढा चढ फक्त." मी म्हटलं, "हात काढ म्हणतो ना! हातगाडी आहे का मी?" नुसता चेनचा आवाज. तिने हात काढला. मान खाली घातली आणि अशी गेली, अशी गेली—हर्षितचंसुद्धा चाक सुटलं! वळणावर वाटलं, आता बघेल मागे. नाही बघितलं.

डोळ्यात? घाम आहे तो. हेल्मेटमधून उतरतो. आता पडघ्याला पोचली असेल, पोहे खात असेल. खाऊ दे. मला काय—मी एरवीही—

थांब. कोण येतंय ते, पडघ्याकडून? जांभळं आहे का? एकटीच? विनीत, ऐक, तिने विचारलं तर तुझं पंक्चर झालेलं आणि मी मदतीला थांबलो. कळलं? अरे, मान काय हलवतोस—

काय गं, लवकर आलीस? हा विनीत, नवीन आहे. त्याचं पंक्चर झालेलं, म्हणून मी—सांग ना रे. गप्प काय बसलास, सांग तिला!

... बरं. नाही झालं पंक्चर. पाय गळाले माझे, उत्तरा. चढावरच, तू हात काढलास तिथे. उरलेला चढ सायकल हातात धरून आलो. हो, ओरडलो. नको होतं ओरडायला. हर्षितसमोर नको होतं—कुणासमोरच नको होतं. बस जरा. चहा घे माझ्यातला, साखर आहे... इथूनच परत फिरूया का? तुझं पुढचं राहील पण. चालेल? बघ हं. आणि हळू चालव. मस्करी नाही गं, खरंच हळू चालव.

तू काय बघतोयस रे अजून? चहा झाला ना? मग निघ. सरळ रस्ता आहे पडघ्यापर्यंत. निघ म्हटलं ना!