सेल्वी अम्मांची विहीर

तुम्ही कोर्टाला नावं ठेवताय म्हणून सांगतो. मी चेन्नईत नुंगंबाक्कमच्या एका लॅबमध्ये पाणी तपासतो. तांबरमच्या पुढे एका तळ्यात कारखान्याचं सांडपाणी सोडत होते. त्या केसमध्ये माझा रिपोर्ट होता, म्हणून मी कोर्टात हजर होतो. तक्रार केली होती तळ्याकाठी राहणाऱ्या सेल्वी अम्मांनी.

सगळं इंग्रजीत चाललं होतं. शेवटी न्यायाधीशबाईंनी सांडपाणी ताबडतोब बंद करायचा आदेश दिला. आम्ही फायली आवरायला लागलो, तर बाई अम्मांकडे वळल्या आणि तोच आदेश त्यांना पहिल्यापासून तमिळमध्ये समजावून सांगितला. मग विचारलं, "अम्मा, काही राहिलं का?"

अम्मा उभ्या राहिल्या. "तळ्याचं झालं. पण आम्ही पितो विहिरीचं. तिचं काय?"

इतक्या तारखा झाल्या, पण विहिरीचं नाव कुणी काढलं नव्हतं. मीसुद्धा फक्त तळंच तपासलं होतं. मला मान वर करवेना.

बाईंनी स्टेनोला सांगितलं, "लिहा. आजपासून वस्तीला पिण्याच्या पाण्याचा टँकर, कारखान्याच्या खर्चाने. आणि विहीर तपासायची." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुम्ही कधी जाताय?"

"उद्या सकाळी, मॅडम."

"अजून बारासुद्धा वाजलेले नाहीत."

मी काही बोलायच्या आत अम्मांनी पिशवी उचलली. "चल तंबी," धाकट्या भावाला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, "तांबरमची गाडी मिळेल."

संध्याकाळी विहिरीचं पाणी बाटल्यांत भरून मी निघालो, तर समोरून टँकर वस्तीत शिरत होता.