झाकणाच्या आतलं कुंकू

मंडळी, एक विचारतो. घरात काही बिघडलं की आपण आधी काय शोधतो? दोष? छे हो! दोषी शोधतो! आणि तो नेमका शेजारच्या घरातच कसा सापडतो?

ऐका तर. कोकणात एका गावी माधवराव आठल्ये म्हणून गृहस्थ. निवृत्त मास्तर. देवीच्या उत्सवाचं नाटक दरवर्षी तेच लिहायचे. यंदाचा विषय? बंधुप्रेम! थोरल्या भावाच्या भूमिकेत स्वतः, धाकट्याच्या — शेजारीच राहणारा सख्खा भाऊ, श्रीधर. आणि अख्खं नाटक कुठं? कॉम्प्युटरात!

उत्सव तोंडावर आला नि कॉम्प्युटर मध्येच बंद पडायला लागला. मास्तर भावाभावांची मिठी टाईप करतायत — फट्! पडदा काळा! एका सकाळी तर बटण दाबलं, चित्रच येईना. नुसतं पीं... पीं... पीं!

"श्रीधरानंच वाट लावली!" मास्तर कडाडले.

त्यांची पत्नी सुमतीकाकू म्हणाल्या, "अहो, भावजी परवा क्रिकेटचा स्कोअर बघायला बसले, तेवढंच!"

"तेवढ्यानंच गेला!"

आणि दोन घरांमधल्या दगडी गडग्यापाशी जाऊन ओरडले, "श्रीधर! माझ्या वस्तूला हात लावायचा नाही! नाटकातही तू नकोस!"

श्रीधर आत गेला, दार लावून घेतलं. झालं बंधुप्रेम!

काकूंनी पुण्याला लेकीला फोन लावला. मृण्मयी म्हणाली, "बाबा, वायर काढा आणि कॉम्प्युटरच्या डब्याचं झाकण उघडा."

"मी? उघडू?"

"नाहीतर पीं पीं ऐकत बसा!"

उघडलं. काय दिसलं आत? लाल! पंख्याला कुंकू, तारांत अक्षता, कोपऱ्यात झेंडूच्या पाकळ्या!

काकूंनी शांतपणे विचारलं, "खंडेनवमीला याची पूजा कोण करतं हो? जाळीतून मूठभर कुंकू कोण उधळतं?"

मंडळी, कोण? श्रीधर? त्याला तर पूजेला बोलावतही नसत!

मास्तर ब्रशनं झाडू लागले, फुंकर मारली — सगळं कुंकू तोंडावर! लेकीनं सांगितलं तशी मेमरीची पट्टी काढली, खोडरबरानं पुसली, बसवली. बटण दाबलं. पीं!

"बाबा, नीट बसली नाही. वायर काढा, खट् होईपर्यंत दाबा."

दाबली. खट्! बटण... आणि पडदा उजळला! नाटक जसंच्या तसं! काकूंनी हात जोडले.

पण मास्तरांना आनंदच होईना. डोळ्यांपुढे ते लावलेलं दार. कॉम्प्युटर सुरू झाला हो, भाऊ कुठं झाला? उठले, तसेच लालभडक तोंडानं गेले नि कडी वाजवली.

श्रीधरानं दार उघडलं. "दादा! कपाळमोक्ष झाला की काय?"

"कुंकू आहे रे. माझंच. चूक माझी होती. भलतंच बोललो तुला."

श्रीधर म्हणाला, "आधी तोंड धू. कुणी बघितलं तर म्हणेल, मीच मारलं!"

दोघंही असे हसले, असे हसले, की मास्तरांच्या गालावरून कुंकवाचे ओघळ वाहिले!

आता हसलात ना? हसा! पण या मंडपातही कुणी भावाशी, कुणी जावेशी अबोला धरून बसलंय. मी नाव घेत नाही. तुमचं तुम्हाला ठाऊक! देवापुढं पुष्कळ कुंकू वाहिलंत, बाबांनो. आज एकदा आपलं झाकण उघडा, आणि प्रसाद घेऊन सरळ घरी जाऊ नका — आधी त्या दाराची कडी वाजवा! म्हणा, हरी विठ्ठल!